‘कासव हमखास’ असं छापू नका: मलेशियाच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून मलेशियाच्या सहली काढणाऱ्या सर्व पर्यटन कंपन्यांचे संचालक, सहलींची आखणी करणारी मंडळी आणि टूर मॅनेजर,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ३० दिवस मलेशियात राहता येऊ लागलं आणि तुमच्या जाहिरातींचा नूर पालटला. त्याआधी मलेशिया म्हणजे सिंगापूरला जोडलेले दोन-तीन दिवस. पेट्रोनासचे मनोरे, बाटू केव्हजच्या पायऱ्या, गेंटिंगची केबल कार, रात्री पंजाबी हॉटेलात पनीर. आता बेटं आली, जंगल आलं, आणि त्यांच्यासोबत समुद्री कासवही आलं. माझ्या मावसबहिणीनं मला एक पत्रक पाठवलं. त्यात चौथ्या दिवशी नाश्त्यानंतर कासव केंद्राची भेट होती, तिथं प्रत्येकाला कासवाचं पिल्लू स्वतःच्या हातानं समुद्रात सोडता येईल असं लिहिलं होतं, आणि पुढे कंसात ‘हमखास’ असं छापलेलं होतं. साडेदहा वाजता तिथून निघून शॉपिंग.

मी बरीच वर्षं क्वालालंपूरजवळ राहते. गावाकडून कुणी येणार असलं की पत्रक आधी माझ्याकडे येतं आणि मागोमाग फोन: ‘तू तिथंच असतेस, सांग, घ्यावं का?’ एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा जे ही पत्रकं छापतात त्यांनाच लिहावं म्हणून हे पत्र. मी प्राणिशास्त्राची अभ्यासक नाही, कुठल्या संस्थेची पदाधिकारीही नाही. इथले किनारे पाहिले आहेत, तिथं काम करणाऱ्यांशी बोलले आहे, एवढंच.

मागणी आधीच सांगून टाकते. कासव दाखवायचं असेल तर सहल त्याच्या वेळेनं आणि त्याच्या हंगामात आखा. ते परवडत नसेल, तर कार्यक्रमातून कासव काढून टाका. बाकी मलेशियात दाखवण्यासारखं पुष्कळ आहे.

आता त्या सकाळच्या नाश्त्यानंतरच्या पिल्लाबद्दल.

कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. आपल्या संतांच्या अभंगांत कासवी पैलतीरावरून नुसत्या दृष्टीनं पिलांना वाढवते. समुद्रातली कासवी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, आणि तरी तिचं गणित पक्कं असतं. ५० ते ६० दिवसांनी पिल्लं अंड्यातून निघतात ती वाळूच्या खालीच. मग सगळी मिळून वर सरकत राहतात, त्यात काही दिवस जातात. वरची वाळू थंड लागली की बाहेर पडतात, म्हणजे बहुतेक वेळा रात्रीच. पोटात अंड्यातल्या बलकाची शिल्लक असते. त्या शिध्यावर पहिला साधारण एक दिवस ती न थांबता पोहतात आणि उथळ पाण्यातून, म्हणजे माशांच्या आणि पक्ष्यांच्या टप्प्यातून, बाहेर पडतात. ही शिदोरी एकदाच मिळते.

रात्री निघालेलं पिल्लू सकाळच्या बसची वाट बघत टबात ठेवलं, तर ते टबातच पोहत राहतं. भिंतीला थडकतं, वळतं, पुन्हा पोहतं. शिदोरी तिथंच संपते. मग नऊ-दहा वाजता, वाळू तापलेली, वर घारी-बगळे, खाली मासे जागे, अशा वेळी दमलेलं पिल्लू आपण ‘सोडतो’. एक हजारातलं एखादंच मोठं होईपर्यंत जगतं असा ढोबळ अंदाज नेहमी सांगितला जातो. म्हणजे या बिचाऱ्यांकडे मुळातच फार काही नसतं, आणि जे असतं ते आपण फोटोसाठी खर्च करतो.

असं एक केंद्र मी पाहिलं आहे. नाव लिहीत नाही, कारण एकावर बोट ठेवलं की बाकीचे सुटतात. निळा प्लॅस्टिकचा टब होता, त्यात वितभर पाणी, पन्नासेक पिल्लं. एका बाजूला दानपेटी. आपल्याकडचाच एक ग्रुप आला होता, एकसारख्या टोप्या घातलेला. टूर मॅनेजर ओरडत होता, ‘चला चला, प्रत्येकानं एकच घ्या, फोटो झाला की सोडा, मागे लाइन आहे!’ एका आजोबांनी पिल्लू तळहातावर उलटं धरलं होतं, पोटाचा फोटो हवा म्हणून. एका मुलीनं तिचं पिल्लू पाण्याच्या कडेला ठेवलं तर ते हललंच नाही. लाट आली, त्याला उलटं करून गेली. तिनं आईला विचारलं, ‘हे झोपलंय का?’ आई म्हणाली, ‘हो, दमलंय.’ आईचं बरोबर होतं.

त्या केंद्रातल्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. अंडी चोरीला जाण्यापासून वाचवायची तर रात्रभर किनाऱ्यावर फिरायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो, आणि दानपेटीत पैसे टाकणारे दिवसाच येतात. ते दिवसा का येतात? तर तुम्ही त्यांना दिवसा आणता म्हणून. तुमच्या बसची वेळ बदलली तर त्या टबाची गरजच उरणार नाही. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

कुणी म्हणेल, आपल्या वेळासला तरी काय वेगळं चालतं? प्रश्न रास्त आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास काम सुरू केलं, नंतर कासव महोत्सव सुरू झाला, गावातल्या घरांत पाव्हणे उतरू लागले. तिथंही पिल्लं सकाळ-संध्याकाळ लोकांसमोर समुद्राकडे जातात, वेळ माणसांच्या सोयीची आहे हे मान्य. पण दोरीच्या आत कुणी पाऊल टाकत नाही, पिल्लू कुणाच्या हातात देत नाहीत, ते आपल्या पायांनी वाळूवरून चालत जातं. आणि त्या दिवशी घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली एकही पिल्लू वर आलेलं नसेल तर पाव्हण्यांना तसं स्पष्ट सांगतात. पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडीनं आलेली माणसं हे ऐकून घेतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. ही सवय मराठी पर्यटकाला लागलेली आहे, हेच तर तुमचं भांडवल. मग विमानात बसल्यावर त्याला ‘हमखास’ची लालूच कशाला?

मलेशियात चार जातींची समुद्री कासवं अंडी घालतात, किंवा घालत होती असं म्हणू: ग्रीन, हॉक्सबिल, ऑलिव्ह रिडले आणि लेदरबॅक. वेळासला येतं ते ऑलिव्ह रिडले इथं फारच थोडं येतं. चौथ्याची, लेदरबॅकची, हकीगत तुम्हाला माहीत असायलाच हवी, कारण ती पर्यटनाचीही हकीगत आहे.

तेरेंगानू राज्यात, दुंगुनच्या उत्तरेला, रांताउ आबांग नावाचा किनारा आहे. १९५० च्या दशकात या राज्याच्या किनाऱ्यावर लेदरबॅकची वर्षाला १०,००० वर घरटी होत. जगातलं हे सर्वांत मोठं कासव. मादी दीड मीटरहून लांब, वजन चारशे-पाचशे किलो, पाठीवर टणक कवच नाही, तर काळं जाड कातडं आणि त्यावर उभे कंगोरे. प्रशांत महासागर पालथा घालून या माद्या इथं यायच्या. १९६० आणि ७० च्या दशकांत त्या पाहायला माणसांची झुंबड उडू लागली. हॉटेलं उभी राहिली, किनाऱ्यावर खाऊच्या टपऱ्या आल्या. त्या काळच्या नोंदी वाचल्या तर लाज वाटते. लोक अंडी घालणाऱ्या मादीच्या पाठीवर बसत, तिचे वल्ह्यासारखे पाय ओढत, डोळ्यांवर फ्लॅश मारत, किनाऱ्यावर शेकोट्या पेटवत.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत येणाऱ्या माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पुढे वर्षंच्या वर्षं एकही न येणं हे नेहमीचं झालं. कासवं गेली आणि रांताउ आबांगची वर्दळही ओसरली. राज्याच्या जाहिरातींत लेदरबॅक अजून दिसतं.

पर्यटकांनी ही कासवं संपवली असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. मुख्य कारण अंडी. कितीतरी दशकं किनारे ठेक्यानं दिले जात आणि ठेकेदार जवळपास सगळी अंडी बाजारात नेत. कासव वयात यायलाच एवढी वर्षं घेतं आणि मग इतकी वर्षं अंडी घालत राहतं, की नवी पिढी तयार होणं थांबलं तरी जुन्या माद्या येतच राहतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे, काल रात्रीच पाच आल्या होत्या. त्या म्हाताऱ्या झाल्या की मागे कुणीच नसतं. जोडीला जाळी होती. किनाऱ्यालगत पाकट पकडायची मोठ्या आसांची जाळी, ट्रॉलर, आणि खोल समुद्रातली मैलोन्‌मैल लांबीची तरंगती जाळी. लक्षात आल्यावर अंडी उबवण्याची केंद्रं काढली गेली, पण तिथं एक जीवघेणी गोम निघाली. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून गरम वाळूत माद्याच. उघड्या, तापलेल्या वाफ्यांतून बाहेर पडलेली पिल्लं जवळपास सगळी माद्या होती, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे चांगल्या मनानं केलेल्या कामातूनही नर घडत नव्हते.

पर्यटकांचा वाटा यात वेगळा आहे. त्या दशकांत हजारो लोक रात्रभर त्या किनाऱ्यावर उभे होते, पैसे खर्च करत होते, आणि सकाळी ही अंडी कुठं जातात हे विचारत नव्हते. विचारलं असतं, तर ठेक्यापेक्षा जिवंत कासवाची कमाई मोठी आहे हे सरकारला थोडं लवकर कळलं असतं की नाही, देव जाणे. लेदरबॅकच्या अंड्यांच्या विक्रीवर १९८८ मध्ये बंदी आली. बाकीच्या जातींची अंडी क्वाला तेरेंगानूच्या पासार पायांग बाजारात त्यानंतरही उघड विकली जात, ढीग रचून, कोंबडीच्या अंड्यांशेजारी. तेरेंगानूत सर्व जातींच्या अंड्यांच्या विक्रीवरची बंदी लागू झाली ती १ जून २०२२ ला. ही तारीख तुमच्या प्रत्येक टूर मॅनेजरला पाठ हवी. कारण ‘इथली खासियत आहे, चाखून बघा’ म्हणून चोरून अंडी पुढे करणारा अजूनही भेटू शकतो, आणि आपल्यातले काही हौशी लोक ‘एकदा बघूया’ म्हणतात. बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यात तर १९९७ च्या कायद्यानं ही अंडी नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

माशांच्या जाळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासव अडकलं तर त्याला बाहेर सुटता यावं म्हणून धातूची एक जाळीदार चौकट बसवता येते. ती न वापरता धरलेली कोळंबी घेणार नाही, असं अमेरिकेनं ठरवलं, तेव्हा जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करणाऱ्या चार देशांत भारत आणि मलेशिया दोघंही होते. १९९६ चं हे प्रकरण, १९९८ मध्ये निकाल आला. तेव्हा कासवाच्या बाबतीत आपण इथल्यांना शहाणपण शिकवायला जावं असं काही नाही. दोघांचीही पाटी सारखीच.

आता चांगली बाजू, कारण ती पुष्कळ आहे आणि तुमच्या धंद्याच्या कामाची आहे.

साबाच्या पूर्व किनाऱ्यावर सांडाकान शहर. तिथून बोटीनं तासाभराच्या अंतरावर सुलू समुद्रात सेलिंगान, बाकुंगान केचिल आणि गुलिसान अशी तीन छोटी बेटं आहेत. १९७७ मध्ये त्यांचं टर्टल आयलंड्स पार्क झालं. सेलिंगानवर अंडी उबवण्याचं केंद्र त्याही आधीपासून, १९६६ पासून आहे. समोरच फिलिपिन्सची बेटं दिसतात. कासवाला सरहद्द कळत नसल्यामुळे १९९६ मध्ये दोन्ही देशांनी मिळून नऊ बेटांचं संयुक्त संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. पर्यटकांना मुक्काम करता येतो तो फक्त सेलिंगानवर, आणि तिथं रात्री राहायला घेतात ते मोजक्याच लोकांना.

तिथली रीत नीट वाचा. दिवसा पोहा, हिंडा, झाडाखाली लोळा. संध्याकाळी ६ वाजता किनारा बंद होतो, तो सकाळी ६ पर्यंत. जेवण झालं की सगळ्यांनी एका हॉलमध्ये बसायचं. भिंतींवर माहितीचे तक्ते, कपाटात कवट्या. पंखे फिरत असतात, कुणी पत्ते खेळतं, कुणी पेंगतं. कासव आठला येईल, अकराला येईल, कधी त्याहून उशिरा. रेंजर हाक मारेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि रेंजर हाक मारतो ती कासव दिसल्याबरोबर नाही. मादीनं खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात केली की मगच, कारण त्याआधी तिला उजेडाची किंवा माणसाची चाहूल लागली तर ती तशीच समुद्रात परत जाते.

मग ओळीनं, अंधारात, चपला हातात घेऊन निघायचं. दिवा एकट्या रेंजरकडे, तोही तिच्या शेपटीकडे वळवलेला. फ्लॅश बंद. आम्ही पोचलो तेव्हा तिचे मागचे पाय खड्ड्याच्या कडेला पसरलेले होते आणि मधून पांढरी, गोल, ओलसर अंडी दोन-दोन तीन-तीन अशी पडत होती. कवच मऊ असतं, त्यामुळे आपटून फुटत नाहीत. रेंजर पोटावर झोपून खड्ड्यात हात घालून एकेक अंडं वर काढत होता आणि मलय भाषेत पुटपुटत मोजत होता. दुसऱ्यानं टेप लावून कवचाची लांबी-रुंदी घेतली, पायावरचा धातूचा बिल्ला पुसून त्यावरचा आकडा वहीत उतरवला. ती मधूनच जोरात उच्छ्वास सोडायची. माझ्या शेजारचे एक गृहस्थ दचकून मागच्यांच्या पायावर पडले.

अंडी बादलीतून केंद्रात. तिथं खोल खड्डा, अंडी आत, वाळू वर, भोवती जाळीचं गोल कुंपण आणि एक पाटी: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंडी किती. अशा पाट्यांच्या रांगाच्या रांगा. शेवटी त्या रात्री वर आलेली पिल्लं टोपलीतून पाण्याच्या कडेला आणतात आणि सोडतात, रात्रीच. हात लावायचा नाही. एक मादी, एक घरटं, एक टोपली, संपलं. झोपायला जा. त्यानंतर रात्रभर कितीही माद्या आल्या तरी त्या आणि रेंजर. पहाटे किनारा उघडला की वाळूवर ट्रॅक्टर फिरून गेल्यासारख्या खुणा दिसतात, त्यावरून काय ते समजायचं.

इथं कासव जवळजवळ वर्षभर येतं, जुलै ते ऑक्टोबर जास्त. म्हणजे ‘हमखास’च्या सर्वांत जवळ जाणारी जागा हीच. फरक एवढाच, की ते साडेदहाला दिसून शॉपिंगला मोकळं होता येत नाही. क्वालालंपूरहून सांडाकानला विमानानं तीनेक तास लागतात, बेटावर एक रात्र जाते, आणि सकाळी लवकर परत निघावं लागतं. पण सांडाकानला गेलंच तर जवळ सेपिलोकला १९६४ पासून चालणारं ओरांगउटानचं केंद्र आहे, थोडं पुढे किनाबातांगान नदीवर लांब नाकाची माकडं आणि धनेश बघता येतात. चार रात्रींची उत्तम सहल होते. गेंटिंगच्या एका दिवसाच्या बदल्यात हे बसत नाही, हे मला कळतं. म्हणूनच म्हणते, स्वतंत्र सहल काढा आणि तिचे पैसे घ्या. लोक देतील. ताडोबाच्या जीपसाठी देतात, वाघ दिसला नाही तरी.

तेरेंगानूतल्या रेडांग बेटावर छागर हुतांग नावाचा किनारा आहे. तेरेंगानू विद्यापीठाचं कासव संशोधन पथक तिथं १९९३ पासून आहे, आणि २००५ मध्ये तो किनारा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथं अंडी शक्यतो हलवतच नाहीत, मादीनं जिथं घातली तिथंच राखतात. सहलीच्या बसला प्रवेश नाही. स्वयंसेवक म्हणून आठवडाभर राहायचं, रात्री पाळीनं गस्त घालायची, दिवसा घरटी तपासायची. कॉलेजातली मुलं-मुली, निवृत्त पण धडधाकट माणसं, यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. तुम्ही विमान आणि बोट ठरवून द्या, पुढचं ते बघतील.

हंगामाचं मात्र डोक्यात पक्कं बसवा, कारण यात तुमची आखणी वारंवार चुकलेली पाहते. आपल्याकडे माणसं बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही तर दिवाळीत. मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे रेडांग, पर्हेन्तियान, लांग तेंगाह या बेटांवर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस असतो. समुद्र खवळतो, बहुतेक हॉटेलं बंद असतात. दिवाळीत तिथं कासव दाखवतो असं सांगणं म्हणजे कोकणात जुलैमध्ये स्नॉर्केलिंगचं आमंत्रण. मे-जून मात्र अगदी जुळतात. आपली शाळांची सुट्टी आणि तिथल्या ग्रीन कासवांचा विणीचा हंगाम एकाच वेळी येतात. ही सोय निसर्गानं करून ठेवली आहे, ती वापरा.

स्नॉर्केलिंगचं थोडक्यात. पर्हेन्तियानला बोटवाले ‘टर्टल पॉइंट’वर नेतात. कासव तळाशी समुद्री गवत खात असतं आणि श्वास घ्यायला वर येतं. वर आल्यावर त्याच्याभोवती लाइफ जॅकेटांचं कडं झालं तर ते श्वास न घेताच खाली जातं. बोटीच्या पंख्याचा मार बसून कासवं मरतात, तीही अशाच गर्दीच्या जागी. बोट ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: कासवाच्या जागी इंजिन मंद, आणि एका वेळी मोजकी माणसं पाण्यात. बोटवाला ऐकतो. तीस माणसांचं काम देणाऱ्याचं कोण ऐकत नाही?

साबातल्या सिपादान बेटावर डायव्हिंगचे ग्रुप नेत असाल तर तिथल्या मर्यादित परमिटांवर चरफडू नका. २००४ च्या अखेरीस सरकारनं त्या बेटावरची सगळी रिसॉर्ट्स उठवली, म्हणून तिथं आज कासवं पायाला लागतील इतकी आहेत. आणि हे बेट मलेशियाचं की इंडोनेशियाचं, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तेव्हा, १७ डिसेंबर २००२ च्या निकालात, मलेशियाच्या बाजूनं कामी आलेल्या पुराव्यांत एक पुरावा हा होता की ब्रिटिश अंमलात तिथली कासवाची अंडी गोळा करण्यावर नियम घातले गेले होते, १९१७ च्या अध्यादेशानुसार. कासवाच्या अंड्यांनी देशाला बेट मिळवून दिलं. तुमच्या गाईडना ही गोष्ट सांगा, बाटू केव्हजच्या पायऱ्या किती, यापेक्षा लोकांना ती जास्त आवडेल.

खरेदीबद्दलही एक सूचना गाडीतच द्या. तपकिरी-पिवळ्या नक्षीच्या बांगड्या, कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा कुणी ‘खरं कासव’ म्हणून विकू लागलं तर ते हॉक्सबिलचं कवच असतं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात सगळी समुद्री कासवं पहिल्या परिशिष्टात आहेत आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. मुंबई विमानतळावर सापडलं तर बांगडी जाईलच, शिवाय वरचं सगळं निस्तरावं लागेल. तेव्हा तुमचा टूर मॅनेजर बरोबर नसेल.

तुमच्या बाजूनं काय उत्तर येईल ते मला ठाऊक आहे, कारण एका सहल-आखणी करणाऱ्या बाईंनी ते मला फोनवर दिलंच. ‘मॅडम, आम्ही नाही दाखवलं तर शेजारचा दाखवेल. लोकांना फोटो हवा असतो.’ खरं आहे. पण त्याच कंपन्यांनी वीस वर्षांपूर्वी हत्तीवर बसवण्याचे, वाघाच्या बछड्याला मांडीवर घेण्याचे कार्यक्रम विकले आणि आज त्यातल्या कित्येकांनी ते आपणहून बंद केले. लोकांनी काही सहली सोडल्या नाहीत. पत्रकात पिल्लू हातात घेतलेल्या माणसाचा फोटो असला की तेच हवंसं वाटतं, अंधारात रांगेनं चाललेल्या माणसांचा असला तर ते. फोटो निवडता तुम्ही.

तेव्हा येत्या उन्हाळ्याची पत्रकं छापखान्यात जायच्या आत एवढं करा. ‘हमखास’ काढा. दिवसा पिल्लं हातात देणारं कुठलंही केंद्र कार्यक्रमात ठेवू नका, आणि का ठेवत नाही हे त्या केंद्राला लेखी कळवा. रात्रीचा कार्यक्रम ठेवला तर येऊ, असंही लिहा आणि देणगी तेवढीच देऊ असं सांगा. कासव असलेल्या सहलीत माणसं कमी घ्या. निघायच्या आधीच्या मीटिंगमध्ये, जिथं तुम्ही चकली किती न्यायची आणि सिमकार्ड कुठलं घ्यायचं हे तासभर सांगता, तिथं दहा मिनिटं यासाठी काढा. यापैकी काय करणार आणि काय जमणार नाही, हे तुमच्या पत्रकातच छापलंत तर माझ्यासारख्यांना फोनवर सांगायला सोपं जाईल. जे करतील त्यांचं नाव मी आनंदानं सुचवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मलेशियात राहणारी एक मराठी प्रवासी

ता. क. सेलिंगानच्या बेटावर जेवण बुफे असतं. शाकाहारी, जैन किती जण आहेत ते आरक्षण करतानाच कळवा. महाराज आणि शेगडी घेऊन बोटीत चढू नका.